कोणत्या वयाला कोणतं दार

आई, सहावीच्या प्रवेशाचा फॉर्म दोन हजारांचा होता. पण तो खरा कितीला पडला, ते असं : सुनेच्या नाशिक रोडच्या ऑफिसातल्या दोन रजा, तिचं आणि मुलाचं एक कडाक्याचं भांडण, नातीचे सहा रविवार, आणि मी चाळीस वर्षं सांगत आलेली एक गोष्ट.

शाळा तीच, देवळाली कॅम्पच्या पलीकडची, जिच्या मेसमध्ये तू पोळ्या लाटल्यास. मेस आता नव्या इमारतीत गेली आहे, पोळ्या मशीन करतं, आणि तुझी भट्टी होती त्या खोलीत ॲडमिशनचं ऑफिस आहे. नाशकातल्या द्वारका चौकातलं आपलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस हल्ली मुलगा बघतो, म्हणून रिकामा माणूस या नात्यानं फॉर्म द्यायला मला पाठवलं. तुला माझी सवय माहीत आहे, रांगेत उभा राहिलो की माझे कान पुढच्या खिडकीत असतात. माझ्या पुढं एक तरुण बाप होता, कडेवर पोरगा. "मॅडम, फक्त नऊ दिवस कमी पडतायत हो." खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "सर, नऊ सोडले तर उद्या दहावाले येतील." "पण तो खूप हुशार आहे." "तीन वर्षांचे सगळेच हुशार असतात, सर." मी मोठ्यानं हसलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं, "आजोबा, तुमचं काय?"

गर्दी ओसरल्यावर मी त्यांना बोलतं केलं. खरंच कुतूहल होतं गं. शाळा एक, पण आत जायच्या तऱ्हा किती? त्या म्हणाल्या, नर्सरीला जन्मदाखला आणि आईवडिलांशी गप्पा, एवढ्याशा पोरांची परीक्षा घ्यायची नसते. सहावीला पेपर, मग मुलाशी बोलणं. नववीला कुणी सोडून गेलं तरच जागा, आणि जुन्या शाळेनं काय लिहून दिलंय ते बघतात. अकरावीला दहावीचे मार्क. "म्हणजे आधी आईबाप पास, मग पोर पास, मग नशीब पास," मी म्हटलं. "हे बाहेर सांगू नका हं आजोबा," असं म्हणून त्या हसल्या. येताना गाडीत विचार केला तर आमच्या धंद्यातही तेच आहे. विशीतला पोरगा ड्रायव्हर व्हायला आला की त्याला कुणी आणलंय ते मी बघायचो. तिशीतला आला की गाडी चालवून दाखव म्हणायचो. चाळिशीतल्याला एकच प्रश्न, आधीच्या मालकाला का सोडलंस?

तुझाही या बाबतीत हिशोब होता, आणि तू तो ताटावरून करायचीस. कणीक तिंबता तिंबता म्हणायचीस, "पाचाचं पोर दोन दिस रडतं, तिसऱ्या दिशी दुसरी पोळी मागतं. तेराचं आल्या आल्या भाजीला नावं ठेवतं, त्याची काळजी नाय, नावं ठेवणारा टिकतो. मधलं दहाचं लय अवघड. ते रडत नाय. पोळी खिशात घालतं अन् एकटं बसून खातं." दहाच्या पोरांकडं तू गरम पोळी घेऊन स्वतः जायचीस. मी तेव्हा दहाचाच होतो.

त्या वर्षी शाळेच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं की कामगारांच्या पोरांनाही पेपरला बसू देऊ, पास झालं तर फी माफ. तू तांब्यात निखारे घालून माझ्या शर्टाला इस्त्री करतेयस. मी ऐटीत म्हणतोय, "आता मी साहेबांच्या पोरांत बसणार." तू मान वर न करता म्हणतेस, "बसशील तव्हा बसशील. आधी तुझं ताट उचल." आठ दिवसांनी मेसच्या दाराला यादी लागली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकटाच बघून आलो. तू विचारलंस, "काय रे, लागलं का नाव?" मी म्हटलं, "लागलं. पण मला नाय जायचं. ती पोरं हसतात." तुझं लाटणं थांबलं नाही. "बरं," म्हणालीस, "हात धू, जेव." फी माफ होती, साहेब तुला ओळखत होते. दुसरी कुठलीही आई मला कान धरून वर्गात बसवून आली असती. तू 'का' एवढंसुद्धा विचारलं नाहीस.

ही गोष्ट मी पुढं सगळीकडं सांगितली. बँकेच्या साहेबांना, मुलीच्या सासरच्यांना, ड्रायव्हरांना तर दर दसऱ्याला. नातीच्या पेपरच्या दिवशी ती गाडीत नखं खात होती, तेव्हाही. "आजोबा, तुम्ही पण दिला होता ना हा पेपर?" "दिला होता. नावही लागलं होतं. मीच म्हटलं, नको मला तुमची शाळा." "का?" "मला माझ्या पायावर उभं राहायचं होतं." तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "दहाव्या वर्षी?"

काल संध्याकाळी निकाल मोबाइलवर आला. तिचं नाव नाही. स्वयंपाकघरात मुलगा हळू आवाजात सुनेला सांगत होता, "तिला आणि सगळ्यांना सांगू, आपणच नको म्हटलं. बाबांसारखं." त्याचे ते शेवटचे दोन शब्द मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकले. नातीनंही ऐकले. ती दारात जाऊन म्हणाली, "पण पप्पा, माझं नाव नाहीये ना. मग असं कसं सांगायचं? मी नववीला परत बघते." मग माझ्याकडं येऊन बसली. "आजोबा, तुमच्या वेळी नववीला घ्यायचे का?" मी म्हटलं, "माहीत नाही बाळा. मी कधी विचारलंच नाही." डोळे तिचे लाल होते, पण आवाज साफ होता.

रात्रभर एकच गोष्ट कानात घोळते आहे. माझी ही फुशारकी मी चारचौघांत सांगायला लागलो की तू उठून जायचीस. कधी पाणी आणायला, कधी दिवा लावायला. तू स्वतः ती कुणाला एकदाही सांगितली नाहीस, आणि मला खोटंही पाडलं नाहीस. मेसचे हेडकुक दिवसातून दहा वेळा त्या दारातून जायचे आणि त्यांना वाचता यायचं. त्यांनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का गं? विचारायला आता कुणी उरलं नाही, आणि हा कागदही माझ्या खणातच राहील. नातीला मात्र उद्या सकाळी सांगणार आहे, तिच्या बापासमोर. त्याआधी तुला सांगतो. यादीत अठरा नावं होती. मी ती तीनदा वाचली. माझं नव्हतं.