वेखंडाची पुरचुंडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकातलं आपलं रत्नागिरीचं घर तुझ्या धाकात होतं. बाबा मुंबईला नोकरीत, ते गणपतीत आणि मे महिन्यात उगवायचे. घरात काका-काकू, आम्ही पोरं आणि थोरली तू. शाळेत ग्रंथपालही तूच, त्यामुळे मला सुटका कुठेच नव्हती. पाऊस सरला की तू कपाटं रिकामी करून पुस्तकं व्हरांड्यात उन्हाला मांडायचीस. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत हात धुवायला पाठवायचीस, मलाही पाठवलंस. पुस्तकं वाळली की कसर लागू नये म्हणून प्रत्येक खणात वेखंडाच्या तुकड्यांची पुरचुंडी ठेवायची. त्या पुरचुंड्या तू घरी, चुलीपाशी बसून बांधायचीस.

अशाच एका दिवशी बांगडे आलेत. कालवण उकळतंय, तू काकूशी बोलता बोलता तिरफळं म्हणून मूठभर काहीतरी त्यात टाकतेस. काका आणि आम्ही मुलं आधी जेवायला बसतो. पहिल्याच घासाला मला बाळगुटीसारखा उग्र, कडू वास येतो. मी काकांकडे बघते, तर ते खाली मान घालून भात कालवतायत. वाटी रिकामी करून म्हणतात, "वैनी, बेस झालाय." मग तू जेवायला बसतेस, एक घास घेतेस आणि थांबतेस.

"वेखंड पडलाय यात. कोणी बोललात कसे नाय?"

काकू हळूच म्हणते, "तुम्हाला कोण बोलणार, वैनी?"

संध्याकाळी तू मला मागच्या पडवीत बोलावलंस. "यापुढे माझ्या हातून काय चुकलं तर तू सांगायचंस गो. बाकीचे नाय सांगणार." मला आधी त्याचा केवढा मान वाटला. मग मीठ पुन्हा पडलं की सांगायचे, शाळेच्या कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली की सांगायचे. तू दर वेळी "बरं केलंस" म्हणायचीस. पुढे पुढे मला ते सांगायचीच भीती वाटायला लागली. तू खूप जगलीस, आई. निवृत्त झालीस, नातवंडं पाहिलीस, आणि एका दुपारी मी असंच काहीतरी सांगायला आले तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत, शाळेतल्या नव्या मुलीला विचारावं तसं विचारलंस, "तू कुणाची गो?"

आता मी त्या बांगड्यांच्या दिवशीच्या तुझ्यापेक्षाही वयाने मोठी आहे. आज सकाळी पुस्तकांचं कपाट उघडलं. परवा मीच बांधून ठेवलेली पुरचुंडी हाताला वेगळी लागली, म्हणून सोडून पाहिली. आत तिरफळं होती. काल बांगड्यांचं कालवण मीच केलं होतं. मुलगा जेवला, सून जेवली, मीही जेवले. मला काहीच कडू लागलं नाही, आणि ह्याचीच मला जास्त भीती वाटते.

सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कालवण कसं झालं होतं गं?" ती म्हणाली, "छान होतं की, आई." जरा घाईनेच म्हणाली. तेव्हा लक्षात आलं की या घरात आता मला कुणी बोलत नाही.

तुला एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी पडवीत मला ते काम सोपवताना तूही अशीच घाबरली होतीस का? तुझा आवाज तर नेहमीसारखाच होता.

आत्ता सून येऊन गेली. काय लिहिताय म्हणाली. मी म्हटलं, वाणसामानाची यादी. ती दारातच घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, "तिरफळांच्या डब्यात वेखंड आहे, आई. मी काढून वेगळं ठेवलंय." मला "बरं केलंस" म्हणायला थोडा वेळ लागला, पण म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. ती गेल्यावर मी तिचं नाव मनात आठवून पाहिलं. आठवलं. खात्री वाटेना, म्हणून पुन्हा आठवून पाहिलं.