यांच्या गळ्यात माझी ओढणी

रविवार, संध्याकाळ. रोहा.

आज सकाळी धावले. खरंच धावले. पोटऱ्या अजून दुखताहेत, तरी सारखं हसू येतंय.

यांच्या हार्ट अटॅकनंतर आम्ही दोघं रोज कुंडलिकेच्या पुलावर चालायला जातो. यांची चाल बेताची, म्हणून मीही हळूच. आज मध्येच थांबून हे म्हणाले, "पेणला शाळेत असताना धावायचीस ना? मग धाव की गो. मी हाय इथं."

यांना एकटं सोडायचं? मन धजेना. पण यांनी माझ्या गळ्यातली ओढणीच काढून घेतली. मग निघाले. आधी लाज वाटली, मग दम लागला, आणि मग पाय आपोआप पडायला लागले. इतकी वर्षं हे कुठे होतं माझं?

पुलाच्या पलीकडे, अष्टमी गावाच्या टोकाला वळून पाहिलं, तर हे जागेवर नाहीत. तशीच परत धावत सुटले. हे समोरून सावकाश येत होते, माझी पिवळी ओढणी स्वतःच्या गळ्यात. मी रडायलाच लागले.

"घाबरलीस व्हय?" म्हणाले. "नाय गो, तुला धावताना नीट बघायचं होतं. लांबून दिसत नव्हतं."