सुमनने गिळलेल्या गोळ्या

नाशिक, मंगळवार, १९७९

बरेच दिवस वहीला हात लावला नाही, चूक माझीच. आज राहवत नाही.

मूल होत नाही म्हणून आमच्या हिने मुलासाठी, माधवसाठी, दुसरी मुलगी बघायला घेतली. ते सुनेच्या, सुमनच्या, कानावर गेलं आणि सकाळी तिचा भाऊ तिला देवळ्याला माहेरी घेऊन गेला. दुपारी पंचवटीत भाजी घेताना दवाखान्यातला कंपाउंडर भेटला. "अण्णा, माधवरावांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या संपल्या असतील. खंड पडू देऊ नका."

माधवच्या? त्या पिवळ्या गोळ्या तर सुमन रोज देवापुढे ठेवून आमच्यासमोर गिळायची.

घरी येऊन विचारलं. माधव खाली बघत म्हणाला, "हळू बोला अण्णा. तपासणीत दोष माझ्यात निघाला. आईला कसं सांगणार? सुमनच म्हणाली, गोळ्या माझ्याच म्हणून सांगू, मी घेते."

ही आतून म्हणाली, "गोळी कुणीही गिळली तरी घर एकच ना? पुरुषात कुठं दोष असतो?"

पिवळी गोळी दिली याला, गिळली तिने, गुण यायचा कुठून? वर वांझ म्हणून टोमणेही तिनेच खाल्ले. आणि आज तिला एसटीत बसवताना हा तोंड मिटून उभा.

म्हटलं, उद्या देवळ्याला जा, तिच्या भावासमोर खरं सांग. तो म्हणतो, बघू. बघू म्हणजे काय?

सुमन, पोरी, ही वही तुझ्या हाती पडायची नाही, तरी लिहितो. तुझ्या जागी मी असतो तर परत आलो नसतो. तरी येतेस का, एवढा निरोप लवकर धाड.