विकतचं पाणी

कुंडल, माघातला गुरुवार, १९७६

आज जेवण गेलं न्हाई. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करूनबी उठंना, म्हणून थोरल्या लेकानं मिस्त्री आणला. बॅटरी जुनीच घेतलेली, पण घेताना तपासली तवा चांगली होती. मिस्त्रीनं काचेची नळी एकेका कप्प्यात बुडवून पाणी वर ओढलं. नळीतली काडी तरंगली तर कप्पा धड. सहाही कप्प्यांत ती तळाला बसली.

"साधं पाणी घातलंय कुणीतरी, त्यातल्या क्षारानं कप्पे मेलं," मिस्त्री म्हणाला.

थोरला डायव्हरवर, दस्तगीरवर उसळला. "बॅटरीचं विकतचं पाणी आणून देतो की रं तुला! विहिरीचं वततोस व्हय?"

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. "बाटलीतलंच घातलं, मालक," एवढंच बोलला.

बाटली त्याला मीच देत होते. विहीर भरलेली असताना पाणी विकत आणतो ह्यो शाना, म्हणून ते विकतचं कोंबड्यांना पाजलं आणि बाटली विहिरीवर भरून दिली. बॅटरीला काय चव कळती?

थोरल्यानं दस्तगीरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गावात मी तोंडाळ म्हणून नावाजलेली, तवाच जीभ कुठं गेली होती? त्यानं माझ्याकडं बघितलं, तरी माझं नाव घेतलं न्हाई. मान राखला, का मी बोलंन म्हणून वाट बघितली?

थोरल्याला घरात सांगितलं तर हसून सोडंल, म्हातारी हाय म्हणंल. तसं नको. सकाळी त्याला दस्तगीरच्या दारात न्हेते, आणि तिथं दस्तगीरच्या बायकोम्होरं बोलते.