मधल्या कॉइलशिवाय

कारंजा (घाडगे), १२ नोव्हेंबर १९८६, संध्याकाळ

प्रयोगशाळेतून पत्र आलं. आमच्या यंत्रातल्या प्लाझ्मात, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या गॅसमध्ये, विजेचा प्रवाह सुरू झालाच नव्हता. एरवी तो यंत्राच्या मधल्या कॉइलनं सुरू करतात; तिच्याशिवाय, नुसत्या रेडिओलहरींनी तो सुरू केला म्हणून आम्ही पेढे वाटले, आणि मीटरचा काटा हलला होता बाहेरच्या कॉइलींमुळे. मीटरची जागा बदलली की आधी गॅस न सोडता यंत्र चालवून पाहायचं असतं; तेव्हाही काटा हलला, तर तो प्रवाह खोटा. ते काम माझं होतं. घाईत मी ते केलंच नाही. का? तीन वर्षं वाया गेली. आता मधली कॉइल परत बसवणार म्हणे.

दुपारी विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल तुटलं. बाबांनी चाकाला दोर गुंडाळून असा हिसका दिला की इंजिन धडधडलं. "पाह्य, हँडल नाई तरी चालू झालं. तुया यंत्रासारखंच!" मी मान डोलावली. पत्र खिशातच होतं.

आत्ता अंगणात ते शेजारच्या काकांना सांगताहेत, "मले कुठचं सुचते बापा! पोराच्या यंत्राचं ऐकलं, म्हणून दोर सुचला."

पत्र अजून खिशातच आहे. आणि तो दोर, माझ्या खोट्या प्रवाहावरून सुचलेला, त्यानं इंजिन मात्र खरंच चालू झालं.