आत किती जागा आहे

तुम्ही बाहेरच्या खुर्चीवर बसून चहा प्यालात आणि माझ्यासाठी घर पसंत करून आलात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत. हे आधी सांगते, नमस्कार मागून. तर नमस्कार, आप्पा.

आज हे निघालं तुमच्या पणतीमुळे. माझ्या मुलाची मुलगी, तुम्ही तिला बघितलेलं नाही. कल्याणच्या अलीकडे, दिवा स्टेशनजवळ आम्ही एकत्र राहतो. तिच्याकडे कंपनीने जोडून दिलेला तयार कॉम्प्युटर आहे, पत्र्याचा बंद डबा. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, ते ती त्यावर काढते. घोडबंदर रोडच्या एका ऑफिसने तिला घरून करायचं मोठं काम देऊ केलं, पण त्याला डब्यात ग्राफिक्स कार्ड पाहिजे. चित्रांचं ओझं उचलणारा वेगळा भाग असतो तो, हातभर नाही पण वहीएवढा लांब, त्याला स्वतःचे पंखे. कल्याणचा दुकानदार फोनवर म्हणाला, "बिनधास्त घ्या मॅडम, बसेल." पोरगी म्हणाली, "थांबा, आत बघून सांगते." असं बोलणारं माणूस मी आपल्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

तिने स्क्रू काढून डब्याची एक बाजू उघडली आणि माझी शिवणाची टेप मागितली. लांबीला जागा भरली. मला हायसं वाटलं. मग डब्याच्या कोपऱ्यात वीज पुरवणारं खोकं असतं, त्यावरचं लेबल ती वाचत बसली आणि तिचा चेहरा उतरला. कार्डाला लागते तेवढी वीज ते देत नाही. कार्डाला जोडायची वेगळी वायरसुद्धा त्यातून निघत नाही.

"मग खोकं मोठं आण."

"कंपनीने आपल्याच मापाचं बनवलंय आजी. बाजारातलं इथे बसतच नाही."

"बसेल गं. जरा तिरकं करून बघ. बसवून घ्यायचं असतं."

बोलले, आणि जिभेवर तुमचा तंबाखू लागला.

अजून दिसतं मला: तुम्ही कल्याणहून माझं लग्न ठरवून परत येता, पायरीवर वहाणा काढता. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. विचारते, "झोपायची कुठे ती? मोरी आत आहे का बाहेर?" तुम्ही म्हणता, "मुलगा कामाला आहे. बसेल ती. बायका बसवून घेतात." ती परत विचारते, आत कोण कोण आहे. तुम्ही म्हणता, "तू भाकरी बघ." तिने बघितली. तोवर करपली होती. तुम्ही तीच खाल्लीत, आणि तिलाच बोललात.

सासरी, चाळीतल्या एका खोलीत, मला मिळाली ती कपाट आणि दार यांच्या मधली जागा. दार आत उघडायचं. मी पाय दुमडल्याशिवाय कुणाला बाहेर पडता यायचं नाही. सासू म्हणायची, "हिचे पायच लांब." जागा कमी आहे असं कुणी म्हणालं नाही, मीच लांब ठरले. नवरा गेला, ती चाळ पडली, आता पाय पसरायला लादी मोकळी आहे. तरी मला पाय सरळ करून झोप लागत नाही.

पोरीने डबा बंद केला. "नाही बसत," म्हणाली. कार्डाला नावं ठेवली नाहीत, डब्यालाही नाहीत. नवा कॉम्प्युटर आत्ता होण्यातला नाही. तिने ऑफिसला फोन करून काम जमणार नाही म्हणून सांगितलं, आवाज चांगला ठेवून. मग पाणी आलं म्हणून भरायला गेली. बादली भरून वाहायला लागली तरी ही नळापाशी तशीच उभी. दिव्यात राहून पाणी वाहू देणारी पोर नव्हे ती. मी जाऊन नळ बंद केला. "बसेल" माझं एकदा बोलून झालेलं.

तुम्ही समोर असतात तर यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नसतं. टाकायला पत्ता नाही म्हणूनच एवढं लिहिलं.

उत्तर तुम्ही देऊ नका, तुमचं ऐकून झालंय. आईला देऊ द्या, तीही तिकडेच आहे. तिला लिहिता येत नाही, तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा. मध्ये बोलू नका.