आजीव वर्गणीदार

खमरिया, जबलपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. चिन्मयी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. इथे सकाळी स्वेटर लागायला लागला. फोनवर आपण "जेवलात का" आणि "हो, जेवलो" एवढंच बोलून राहिलो, म्हणून पत्र लिहायला बसलो. तुला मराठी वाचायला वेळ लागतो. सावकाश वाच, घाई नाही.

बुधवारी कार्तिक पौर्णिमा होती. पहाटे देवाला दिवा लावला आणि देवघराच्या बाजूची आईच्या मासिकांची थप्पी पिशवीत भरून मी ग्वारीघाटावर गेलो.

घाटावर इतकं धुकं होतं की नदी दिसत नव्हती, नुसता तिचा आवाज येत होता. समोरच्या काठावर गुरुद्वाऱ्यात नानकजयंतीचे दिवे लागले होते. ते पाण्यात आहेत की हवेत, कळत नव्हतं. बायका द्रोणातले दिवे सोडत होत्या. एखादा दिवा धुक्यात शिरायचा, विझला असं वाटायचं, आणि जरा वेळाने खाली भलतीकडेच उगवायचा. मी किती वेळ ते पाहत बसलो, सांगता येत नाही. माणूस गेलं म्हणजे इतकंच होत असेल का, असं मनात आलं. पुढच्या वळणावर असेल कुठेतरी.

तुझी आई बी.ए. झाली तेव्हा तुझ्या आजोबांनी तिला या इतिहासाच्या मासिकाची आजीव वर्गणीदार केलं. लग्न होऊन ती माहेरच्या चेरीतालहून इकडे क्वार्टरमध्ये आली, मागोमाग मासिकही आलं. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला. गुरुजींनी आमच्याकडून लढाया पाठ करून घेतल्या होत्या. लढाईनंतर घोड्यांना पाणी कोणी पाजलं, हे मला तिने सांगितलं, पोळ्या लाटता लाटता.

ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची. चूक सापडली की पुण्याला कार्ड. मग पुढच्या एखाद्या अंकात शेवटच्या पानावर बारीक टायपात यायचं, "सौ. अवंतिका लांजेवार, जबलपूर, कळवतात की…" मी चिडवायचो, "काय बाईसाहेब, जिंकलं का पानिपत?" ती म्हणायची, "हसा तुम्ही. तारीख असली तर इतिहास, नाही तर नुसती गोष्ट."

ती गेली तरी अंक येत राहिले. वेष्टनावर तिचंच नाव. पोस्टमन हाक मारायचा, "अवंतिकाजी का आया है," आणि मी "हो" म्हणून घ्यायचो. उघडायचा मान तिचा. केसातला आकडा काढून ती वेष्टन फाडायची. मी एकही उघडला नाही.

गणपतीत तू आलीस आणि थप्पी पाहून म्हणालीस, "बाबा, आजीव मतलब जिवंत असेपर्यंतच ना? ऑफिसला कळवत काहून नाही?" मी म्हणालो, "तू आईचं मासिक कधी हातात तरी घेतलं होतं का?" तू बॅग भरायला लागलीस.

तुला एक सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यातच मासिकाच्या कचेरीतून कार्ड आलं होतं. बाईंची दुरुस्ती बऱ्याच दिवसांत आली नाही, प्रकृती ठीक आहे ना? ते मी गीतेत ठेवून दिलं. काय उत्तर लिहायचं? लिहिलं की तिच्या नावाची हाक बंद.

म्हणून बुधवारी ठरवलं की जिथे अस्थी सोडल्या तिथेच हे अंक सोडावेत. कोणाला काही कळवायला नको.

ओळखीचा नावाडी आला. "क्या लाए हो, भैया?"

"घरवाली की पत्रिका है."

"मैया में डालोगे? अरे, मैया को मराठी कहाँ आती है!" तो हसला. "ऊपर से गीला कागज मछली भी नहीं खाती. देखें तो, फोटो-वोटो है क्या?"

मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्याने वरच्या अंकाचं वेष्टन टरकन फाडलं. पानं उलटली आणि ओरडलाच, "ये तो अपना घाट है!"

खरंच आपलाच घाट. कोणत्या तरी जुन्या काळातलं चित्र होतं, पायऱ्या, एक नाव, वाळत घातलेली धोतरं. खाली छापलं होतं, 'ग्वारीघाट, नर्मदेचा दक्षिण तीर'.

दक्षिण तीर तर समोर होता, दिव्यांचा. आपण उत्तरेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अवंतिका, चूक सापडली."

"किससे बोल रहे हो?" नावाड्याने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, चिन्मयी. पायऱ्यांवर धुकं होतं आणि एक कुत्रं झोपलं होतं. खाली एवढी चूक छापलेली, आणि तिचं कार्ड लिहायला घाटावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी नदीला नमस्कार केला आणि पिशवी घेऊन परत आलो.

बाकीचे अंक अजून तसेच आहेत. डिसेंबरात सुट्टी मिळाली तर ये. तू वाचायचं, अडलं तिथे मी सांगीन. कात्री शोधायला नको, आईचा आकडा देवघरातच आहे.

कार्ड लिहायला दोन दिवस गेले. ती गेली ती तिथी मला पाठ होती, नर्मदा जयंतीचा दुसरा दिवस. तारीख मात्र मी आजवर कुठेच स्वतःच्या हाताने लिहिली नव्हती. तिच्याच पेन्सिलीने आधी कच्चं लिहिलं, मग पेनाने. ते असं:

"पुंडलिक लांजेवार, जबलपूर, कळवतात की आपल्या ताज्या अंकातील चित्र नर्मदेच्या उत्तर तीराचे आहे, दक्षिण तीराचे नव्हे.

दुसरी दुरुस्ती आपल्या आजीव वर्गणीदारांच्या यादीत करावी. अवंतिका लांजेवार, जबलपूर, या दि. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी वारल्या. यापुढे त्यांच्या नावे अंक पाठवू नये."

काल डाकघरात जाऊन पेटीत टाकलं.

तुझे,
बाबा